विश्लेषण : दुधात कोल्ड्रिंक मिसळल्याने खरेच अपाय होतो?

कोलाच्या बाटलीत दूध ओतल्यावर तळाशी साचणारा चोथा पाहून अनेकांना धडकी भरते. त्याच वेळी ‘दूध सोडा’ पंजाबपासून कोलकात्यापर्यंत आवडीने प्यायला जातो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगार पट्ट्यात उन्हाळ्याच्या दिवसांत अशा पेल्याकडे पाहताना भीती कशाची बाळगावी आणि कशाची नाही, याचा हा आढावा.

मुद्दा काय?

मोबाइलवर दोन प्रकारचे व्हिडिओ सतत फिरत असतात. पहिल्यात कोलाच्या भरलेल्या बाटलीत थोडे दूध ओतले जाते. काही तासांनी काळा रंग नाहीसा होतो, वर जवळपास पाण्यासारखा द्रव राहतो आणि तळाशी तपकिरी चोथा बसतो. ‘हेच तुमच्या पोटात होते’ असा इशारा खाली लिहिलेला असतो. दुसऱ्या व्हिडिओत एखादा विक्रेता थंडगार दुधाच्या भांड्यात लिंबाच्या चवीचे कोल्ड्रिंक उंचावरून ओततो, पेला फेसाने भरतो आणि गिऱ्हाईक तो एका दमात रिकामा करते. एकच मिश्रण, पण एकीकडे विष आणि दुसरीकडे मेजवानी.

भोसरी, तळवडे, चिखली, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागांत हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. कंपन्यांच्या गेटबाहेरच्या टपरीवर चहाचे दूध आणि कोल्ड्रिंकचा फ्रीज शेजारी-शेजारीच असतात. देशाच्या अनेक राज्यांतून आलेले कामगार आपापल्या चवी सोबत घेऊन आलेले असतात. पाळी सुटल्यावर जेवणाची वेळ टळून गेलेली असते, ऊन डोक्यावर असते आणि खिशात दहा-वीस रुपये असतात. अशा वेळी हातात येणारा पेला हा चवीइतकाच आरोग्याचाही विषय ठरतो.

हे पेय आले कुठून?

दूध आणि सोडा यांची जोडी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आजाऱ्याला पचायला हलके म्हणून दुधात सोडावॉटर घालून दिले जात असे. न्यूयॉर्कमध्ये ‘एग क्रीम’ नावाचे जुने पेय आहे. त्यात नावाप्रमाणे अंडे किंवा क्रीम नसते, तर दूध, सोडा आणि चॉकलेट सिरप असते. जपानमध्ये १९१९ पासून ‘कॅल्पिस’ हे आंबवलेल्या दुधापासून केलेले पेय मिळते आणि ते सोड्यात मिसळूनही प्यायले जाते. दक्षिण कोरियात १९८९ मध्ये ‘मिल्किस’ हे फसफसणारे दुधाचे पेय बाटलीत आले.

भारतीय उपखंडात लाहोर, अमृतसर या पंजाबी शहरांतील दूध सोडा प्रसिद्ध आहे. लिंबाच्या चवीचे कोल्ड्रिंक, थंड दूध, बर्फ आणि कुठे गुलाबाचे सरबत असा त्याचा थाट असतो. रमझानमध्ये उपवास सोडतानाही तो प्यायला जातो. कोलकात्यात भवानीपूरच्या बलवंतसिंग ढाब्यावरचा ‘दूध कोला’ प्रसिद्ध आहे. अमेरिकेत पेप्सीने डिसेंबर २०२२ मध्ये अभिनेत्री लिंडसे लोहानला घेऊन दूध आणि पेप्सीच्या मिश्रणाची नाताळची जाहिरात केली आणि जुनीच गोष्ट समाजमाध्यमांवर नव्याने गाजली.

पुण्याला सोड्याचे वावडे नाही. लष्कर भागात आर्देशीर इराणी यांनी १८८४ मध्ये सुरू केलेला सोड्याचा व्यवसाय आजही लोकांच्या ओळखीचा आहे. दुधाच्या थंड पेयांत पुण्याची मस्तानीही आहेच. मात्र मराठी घरांत ही दोन पेये सहसा एकाच पेल्यात आली नाहीत. कारण आंबट लागले की दूध नासते, हे इथल्या स्वयंपाकघराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

कोलाने दूध का फाटते?

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिने ‘केसीन’ या प्रकारची असतात. केसीनचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून दूध एकसंध दिसते. दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणाचे माप, ६.६ ते ६.८ च्या आसपास असतो. ७ म्हणजे आम्लधर्मी नाही आणि अल्कधर्मीही नाही, अशी मधली स्थिती. आकडा जितका खाली, तितके आम्ल जास्त.

सामू ४.६ पर्यंत खाली आला की केसीनच्या गोळ्यांवरचा भार नाहीसा होतो. मग ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. कोलाचा सामू सुमारे २.५ असतो. त्यात फॉस्फरिक आम्ल असते, तर लिंबाच्या चवीच्या कोल्ड्रिंकमध्ये सायट्रिक आम्ल असते. बाटलीभर कोलात थोडेसेच दूध पडले तर आम्लाचे पारडे जड होते आणि सगळे केसीन फाटून तळाशी बसते. जाताना ते कोलातील रंगही सोबत घेऊन जाते, म्हणून वरचा द्रव निवळलेला दिसतो.

म्हणजे व्हिडिओतील प्रकार खरा आहे, पण त्यात जादू किंवा विष नाही. पनीर करताना उकळत्या दुधात लिंबू पिळतात, तेव्हा हेच होते. दही लागताना जिवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि केसीन जमून येते, तेव्हाही हेच होते. ताकाचा आंबटपणा त्याच वाटेने येतो. बाटलीच्या तळाशी दिसणारा चोथा हा कोलाच्या रंगात न्हालेल्या पनीरचा चुलतभाऊ आहे.

मग दूध सोडा का फाटत नाही?

यामागे प्रमाण, तापमान आणि वेळ अशी तीन कारणे आहेत. दूध आम्लाला काही प्रमाणात सामावून घेते. दूध जास्त आणि कोल्ड्रिंक कमी असेल, तर मिश्रणाचा सामू ४.६ च्या वरच राहतो आणि दूध टिकते. म्हणून सराईत विक्रेते दुधात कोल्ड्रिंक ओततात, कोल्ड्रिंकमध्ये दूध नाही. पहिल्या पद्धतीत दुधाचे पारडे सुरुवातीपासून जड असते. दुसऱ्या पद्धतीत दुधाचा पहिला थेंबच तीव्र आम्लात पडतो.

दुसरे कारण थंडपणा. चार-पाच अंश तापमानाला केसीनचे गोळे सहजासहजी एकमेकांना चिकटत नाहीत. तेच दूध कोमट झाले की गुठळ्या झपाट्याने दिसू लागतात. म्हणून दूध आणि कोल्ड्रिंक दोन्ही अगदी थंड घेतात. तिसरे कारण म्हणजे पेय लगेच प्यायले जाते. व्हिडिओतील बाटली मात्र कित्येक तास ठेवलेली असते.

साधा सोडा घातला तर फाटण्याची शक्यता आणखी कमी होते. त्यात असते ते कार्बनिक आम्ल सौम्य असते आणि बुडबुड्यांबरोबर निघूनही जाते. दुधातील प्रथिने बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात, म्हणून दूध सोड्यावर नुसत्या कोल्ड्रिंकपेक्षा दाट आणि टिकाऊ फेस येतो. कारखान्यात तयार होणाऱ्या आंबट दुधाच्या पेयांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून पेक्टिनसारखे पदार्थ घालतात. ते केसीनला वेगवेगळे ठेवण्याचे काम करतात.

पोटात जाऊन फाटले तर?

दूध कशाबरोबरही प्या किंवा नुसते प्या, पोटात ते फाटतेच. रिकाम्या जठरातील आम्लाचा सामू साधारण १.५ ते ३.५ असतो. म्हणजे तिथले आम्ल कोलाच्या बरोबरीचे किंवा त्याहून तीव्र असते. तान्ह्या बाळाने दूध ओकले की त्यात पांढऱ्या गुठळ्या दिसतात. आई त्याने घाबरत नाही. जठरात दूध जमणे ही पचनाची पहिली पायरी आहे. गुठळी झाल्याने प्रथिने हळूहळू पुढे सरकतात आणि पाचक रसांना काम करायला वेळ मिळतो. त्यामुळे ‘हेच तुमच्या पोटात होते’ हे वाक्य एका अर्थाने बरोबर आहे, फक्त ते घाबरण्याचे कारण नाही.

आयुर्वेदात मात्र दूध आणि आंबट पदार्थ यांचा संयोग ‘विरुद्ध आहार’ मानला आहे. चरकसंहितेत दूध-मासे आणि दूध-आंबट पदार्थ अशा जोड्या वर्ज्य सांगितल्या आहेत. मराठी घरांतील अनेक नियमांचे मूळ तिथे आहे. पण व्यवहारात मराठी माणसाने या नियमांत आपल्या सोयीने सवलत घेतलेली दिसते. आयुर्वेदाला दूध-केळ्याची जोडीही फारशी मान्य नाही, तरी शिकरण घरोघरी होते. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड उठते, ही समजूतही खोलवर रुजलेली आहे. आधुनिक वैद्यकानुसार कोड हा प्रामुख्याने शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्वचेतील रंगपेशींवर हल्ला केल्याने होणारा विकार आहे आणि त्याचा या जोडीशी संबंध सिद्ध झालेला नाही.

आयुर्वेदाचा सल्ला पाळायचा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. मात्र दूध-कोल्ड्रिंक प्यायल्याने निरोगी माणसाला विषबाधा होते, असे म्हणायला आधार नाही.

कोला दुधातील कॅल्शियम खातो का?

हा दुसरा लोकप्रिय समज. कोलात फॉस्फरिक आम्ल असल्याने तो हाडे ‘पोखरतो’ आणि दुधाचा फायदा बुडवतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात १०० मिलिलिटर कोलात सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. तेवढ्याच दुधात तो ९० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कितीतरी जास्त असतो. दूध फाटले की केसीनमधील कॅल्शियम सुटून द्रवात उतरते. पेला पूर्ण प्यायला तर ते पोटातच जाते.

तरीही कोलाला निर्दोष ठरवता येत नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध फ्रेमिंगहॅम पाहणीच्या २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली होती. पुरुषांत तसे दिसले नाही. त्यावरून कोलाच कारणीभूत आहे असे सिद्ध होत नाही, पण रोजची सवय म्हणून कोला जवळ करू नये एवढा बोध त्यातून घेता येतो. दुधाच्या जागी कोला येणे हे हाडांसाठी नुकसानीचेच आहे.

पित्तावर हा उतारा आहे का?

रात्रपाळी करणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते, ती म्हणजे पित्ताची. जेवणाच्या वेळा बदलतात, झोप अपुरी होते, चहा वाढतो आणि छातीत जळजळ सुरू होते. त्यावर कोणी थंड दूध सुचवते, कोणी सोडा. दोन्ही एकत्र घेतले तर दुप्पट आराम, असा हिशेब मांडणारेही असतात.

हा हिशेब चुकीचा आहे. थंड दुधाने सुरुवातीला बरे वाटते, कारण ते जठरातील आम्लाला काही वेळ शांत करते. पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. सोडा किंवा कोल्ड्रिंकमधील वायूने जठर फुगते, ढेकर येतात आणि त्याबरोबर आम्ल वर अन्ननलिकेत येऊ शकते. ढेकर आल्याने हलके वाटते, पण जळजळ वाढण्याचीच शक्यता जास्त. कोलातील कॅफीन काहींचा त्रास आणखी वाढवते. आठवड्यातून अनेकदा जळजळ होत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर टपरीवरचा उपाय सोडून डॉक्टर गाठणे आवश्यक आहे.

अनेक प्रौढांना दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचत नाही. त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब असे त्रास होतात. त्यात कोल्ड्रिंकचा वायू मिळाला की अस्वस्थता वाढते. ‘दूध-कोल्ड्रिंकने पोट बिघडले’ असे म्हणणाऱ्या काहींच्या बाबतीत खरे कारण हेच असू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि मधुमेहींनी हे पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

साखरेचा हिशेब काय सांगतो?

पेल्यातला दिसणारा चोथा निरुपद्रवी आहे. न दिसणारी साखर मात्र तशी नाही. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत ती २० ग्रॅमच्या पुढे जाते. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसभरात अशी वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवावी. ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका छोट्या बाटलीनेच ती मर्यादा जवळपास गाठली जाते. दिवसातले तीन-चार गोड चहा त्यात अजून धरलेले नाहीत.

दूध-कोल्ड्रिंकचा पेला त्या मानाने थोडा बरा, असे म्हणता येईल. १५० मिलिलिटर दूध आणि १०० मिलिलिटर कोला घेतला तर सुमारे ५ ग्रॅम प्रथिने आणि दीडशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. वरची साखर १० ग्रॅमच्या आसपास राहते. पण गुलाब सरबत, आइस्क्रीम किंवा आणखी साखर पडली की हा फायदा संपतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका जास्त असल्याचे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे औद्योगिक पट्ट्यातील रोजच्या कोल्ड्रिंकचा प्रश्न शहरातील मॉलमधल्या कोल्ड्रिंकपेक्षा अधिक गंभीर आहे.

किंमत काय सांगते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर असा मिळून भार तेवढाच होता. त्याच दिवसापासून टिकाऊ पाकिटातील दुधावरचा ५ टक्के कर शून्यावर आला. ताज्या दुधावर तो आधीही नव्हता. कराच्या भाषेत सरकारने दोन पेयांतला फरक स्पष्ट केला आहे.

बाजाराने मात्र वेगळेच उत्तर दिले आहे. २०२३ मध्ये ‘कॅम्पा’ पुन्हा बाजारात आल्यानंतर २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांत मिळू लागली आणि या किमतीची स्पर्धा रंगली. गाईचे पिशवीतील दूध लिटरमागे पन्नास-साठ रुपयांच्या आसपास असताना तेवढ्याच दुधाला जवळपास तितकेच पैसे पडतात. पण एक पेला थंड, निर्जंतुक दूध टपरीवर सहज मिळत नाही. बाटली मिळते. ती थंड असते, बंद असते आणि हात धुवायला पाणी नसले तरी पिता येते. चाकणच्या पुढे याच पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला दूध प्रक्रियेचा मोठा प्रकल्प आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर हे दुधाचे तालुके आहेत. तरी गेटबाहेरच्या कामगाराला दुधापेक्षा कोला सोपा पडतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

साखरेचे नुकसान हळूहळू होते. बर्फ आणि उघड्यावरचे दूध एका दिवसात आडवे करू शकते. तापवून किंवा पाश्चराइज करूनही दूध उघड्यावर राहिले तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अमेरिकी अन्नसुरक्षा यंत्रणांचा नियम साधा आहे : दुधासारखे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. एप्रिल-मेमध्ये चाकणच्या रस्त्यावर पारा त्याच्या बराच वर असतो. कोल्ड्रिंकमधील आम्लाने असे दूध ‘शुद्ध’ होत नाही. उलट गोड आणि थंड चवीमुळे दूध उतरल्याचा वास झाकला जातो.

बर्फाची गोष्ट त्याहून वेगळी नाही. मासे किंवा माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. तो सरबतात जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने १ जून २०१८ पासून अखाद्य बर्फ निळसर रंगाचा करणे बंधनकारक केले. खाण्याचा बर्फ रंगहीन असावा, हा त्यामागचा साधा संकेत. पेल्यात पडणारा बर्फ कुठून येतो, लादी पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली आहे का, हे पाहायला पाच सेकंद लागतात.

पाण्याकडे दुर्लक्ष किती महाग पडते, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही काही रुग्ण आढळले. तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. त्या वेळी मोबाइलवर सर्वाधिक फिरत होते ते ‘पनीर खाऊ नका, चीज खाऊ नका’ असे संदेश. पाणी उकळून पिण्याचा सल्ला त्या गोंगाटात मागे पडत होता. दूध-कोल्ड्रिंकच्या व्हिडिओचेही तेच होते. लोक दोन पदार्थांच्या जोडीला घाबरतात आणि त्यातल्या बर्फाकडे पाहत नाहीत.

कारखान्यांचा याच्याशी काय संबंध?

कामगाराने टपरीवर काय प्यावे, हा वरवर त्याचा खासगी प्रश्न वाटतो. पण तो टपरीवर का जातो, हा प्रश्न कारखान्याचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रत्येक कारखान्यात पिण्याचे स्वच्छ पाणी आणि २५० हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणी आणि कॅन्टीन अशी तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत कॅन्टीनसाठीची संख्या १०० कामगारांवर आली आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात.

हा बदल चांगला आहे. पण या पट्ट्याची रचना पाहिली तर त्याची मर्यादाही दिसते. मोठ्या वाहन कंपन्यांत कॅन्टीन असते, सवलतीत जेवण असते. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी, तळवडे, चिखली आणि चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये तीस-चाळीस माणसे काम करतात. प्रेस, प्लेटिंग, पावडर कोटिंग, वेल्डिंग ही उष्णतेची आणि धुराची कामे तिथेच जास्त होतात. शंभराचा आकडा त्यांना लागू होत नाही. त्यांचे कॅन्टीन म्हणजे रस्त्यावरची टपरी.

अनेक ठिकाणी धूळ-धुराच्या कामावरील माणसांना दूध किंवा गूळ देण्याची जुनी पद्धत आहे. त्यामागची आस्था खरी आहे. मात्र दुधाने फुप्फुसातला धूर धुऊन निघत नाही. त्यासाठी धूर खेचणारा पंखा, चांगला मास्क आणि मोकळी हवा लागते. दूध हे अन्न म्हणून द्यावे, औषध म्हणून नव्हे.

दुधाच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दूध प्यायल्यावर शरीरातील पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकल्याचे दिसले होते. कोला त्याबाबतीत पाण्याइतकाच ठरला, जास्त नाही. घामाने भिजून पाळी संपवणाऱ्या माणसाला एक पेला थंड दूध किंवा मीठ घातलेले ताक कोलापेक्षा नक्कीच उपयोगी. एमआयडीसीच्या वसाहतींत लहान उद्योगांनी एकत्र येऊन सामायिक कॅन्टीन चालवणे, तिथे पाण्याची नियमित तपासणी होणे आणि सहकारी दूध संघांनी गेटवर छोटी पाकिटे दहा रुपयांत पोहोचवणे, हे अशक्य कोटीतले नाही. कोल्ड्रिंकची बाटली जर प्रत्येक टपरीवर थंड पोहोचू शकते, तर ताकाची पिशवीही पोहोचू शकते.

प्यायचेच असेल तर काय पाळावे?

एखाद्या दिवशी हौस म्हणून दूध सोडा प्यायला हरकत नाही. ताजे, तापवून गार केलेले किंवा पाश्चराइज केलेले, फ्रीजमधले दूध घ्यावे. दूध दोन वाटे आणि कोल्ड्रिंक एक वाटा, किंवा त्याहून कमी, असे प्रमाण ठेवावे. कोल्ड्रिंकही थंड असावे आणि ते दुधात हळूहळू ओतावे. साधा सोडा वापरला तर साखर वाचते. बाहेरचा बर्फ टाळावा. तयार पेला ठेवून देऊ नये. फाटलेला दिसला म्हणून विष समजू नये, पण दुधाला आंबूस वास येत असेल तर तो कोणत्याही कारणाने पिऊ नये.

काही गोष्टी मात्र टाळायलाच हव्यात. हे पेय जेवणाची जागा घेऊ शकत नाही. लहान मुलांना रोज देऊ नये. रात्रपाळीला जागे राहण्यासाठी कोलाऐवजी एनर्जी ड्रिंक दुधात मिसळण्याचा प्रयोग करू नये. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते, कोलापेक्षा बरेच जास्त. मुले आणि गर्भवतींसाठी ते योग्य नसल्याचा इशारा त्यांच्या डब्यावरच छापलेला असतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर ‘ताकद यावी’ म्हणून कोल्ड्रिंक पाजू नये, कारण त्यातील जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. तेव्हा ओआरएस द्यावे.

व्हिडिओत दिसणारी बाटली पाहून दूध-कोल्ड्रिंकला घाबरणारा माणूस तीच भीती उघड्या बर्फाबद्दल, उन्हात ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याबद्दल आणि रोजच्या चार चमचे साखरेबद्दल बाळगेल, तर त्याचे आरोग्य निश्चित सुधारेल. आणि ज्या कारखान्यांच्या पाळ्यांवर या पट्ट्याची भरभराट उभी आहे, त्यांनी आपल्या व आपल्या पुरवठादारांच्या कामगारांसाठी गेटच्या आत स्वच्छ थंड पाणी आणि वेळेवर जेवण दिले, तर गेटबाहेरच्या पेल्यात काय मिसळले आहे याची चिंता आपोआप कमी होईल.